पाण्यात उतरलेली औषधे आणि एक प्रस्ताव

गेल्या दिवाळीच्या आधी राइट टाउनमधील आमच्या जुन्या घराची आवराआवर करतांना माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या कपाटातून औषधांनी भरलेला एक पत्र्याचा डबा निघाला. कार्बामॅझेपिनच्या पट्ट्या, मधुमेहावरील मेटफॉर्मिन, गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक, अर्धवट राहिलेले प्रतिजैविकांचे दोन कोर्स, खोकल्याच्या तीन बाटल्या. वहिनी म्हणाल्या, ''भाऊजी, हे सगळं मोरीत ओतून टाकू का? केरात टाकलं तर एखादं पोर उचलेल.'' त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. चौतीस वर्षे शासकीय सेवेत काढलेल्या, आरोग्य आणि पाणीपुरवठा या दोन्ही विषयांच्या शेकडो फायलींवर सह्या केलेल्या माझ्यासारख्या माणसाजवळ त्याचे उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो, ''आत्ता राहू द्या, वऱ्हांड्यात ठेवा.''

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांना जबलपूरची थोडी ओळख करून देणे भाग आहे. १९५६ पूर्वी हे शहर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होते आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे शिक्षक, वकील, रेल्वेचे कर्मचारी, सरकारी नोकर अशी अनेक मराठी कुटुंबे इकडे आली आणि इथलीच झाली. आमचे आजोबा त्यांपैकीच. राइट टाउन ही साहेबाच्या काळातली आखीव वस्ती. लहानपणी इथे अंगणे आणि आंब्याची झाडे होती. आता एकेका बंगल्याच्या जागी रुग्णालय, तपासणी केंद्र किंवा औषधांचे दुकान उभे आहे. शहरातून ओमती नाला वाहतो. शहराचे सगळे नाले या ना त्या वाटेने अखेर नर्मदेच्याच खोऱ्यात उतरतात. आणि नर्मदा म्हणजे काय हे परिक्रमेला निघणाऱ्या मराठी माणसाला मी सांगायला नको. ज्या नदीचे पाणी आम्ही ओंजळीत घेऊन तोंडाला लावतो, त्याच नदीचे पाणी लालपूरच्या जलशुद्धीकरण केंद्रातून आमच्या नळाला येते.

योगायोग असा की त्याच आठवड्यात माझी भाची घरी आली. ती रसायनशास्त्रात संशोधन करते. तिच्या हातात एका प्रायोगिक प्रकल्पाचा प्रस्ताव होता. नाल्याच्या मुखाशी एक कुंड बांधायचे, त्यात प्रकाशाने जागृत होणारे नॅनो-पदार्थ सोडायचे, आणि सांडपाण्यातील औषधांचे अवशेष सूर्यप्रकाशाच्या बळावर तिथेच मोडून टाकायचे. ''मामा, तुम्ही एक शिफारसपत्र दिलंत तर फाईल पुढे सरकेल,'' ती म्हणाली. निवृत्त अधिकाऱ्याच्या पत्राने फायली सरकतात हा तिचा समज किती खरा आहे ते सोडून देऊ. पण शिफारस करायची तर विषय समजून घेणे आले. पुढचे दोन महिने मी तेच केले.

मूळ कल्पना विलक्षण सुंदर आहे, हे आधी सांगितले पाहिजे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जो टायटॅनियम डायऑक्साइड असतो, त्याच्यावर अतिनील प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन उसळून वरच्या पातळीवर जातो आणि खाली एक रिक्त जागा उरते. ही रिक्त जागा आणि तो सुटा इलेक्ट्रॉन, दोघेही पाण्याशी आणि त्यात विरघळलेल्या प्राणवायूशी भिडतात. त्यातून हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत आक्रमक मूलक तयार होतात, आणि समोर जो सेंद्रिय रेणू येईल त्याचे ते लचके तोडू लागतात. पुरेसा वेळ मिळाला तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि काही क्षार एवढेच उरते. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली अशा विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करून दाखविले, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा या पदार्थाच्या मागे लागल्या. कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून वीस-पंचवीस नॅनोमीटरचे कण वापरायचे. एक अडचण मात्र पहिल्या दिवसापासून आहे. या पदार्थाला सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरी लागतात, आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात असा अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो. म्हणून मग दृश्य प्रकाशात काम करणारे पदार्थ शोधले गेले. बिस्मथची संयुगे आली, २००९ नंतर ग्रॅफाइटसदृश कार्बन नायट्राइडचा बोलबाला झाला. आपल्याकडेही २००७ साली केंद्र सरकारने नॅनो मिशन सुरू केले आणि विद्यापीठा-विद्यापीठांतून हा विषय पोचला. भाचीच्या गुरूंचे संशोधन त्याच लाटेतले.

आता दुसरी बाजू. पाण्यात औषधे खरोखर आहेत का, की हा केवळ संशोधकांचा छंद? २०२२ साली १०४ देशांतील २५८ नद्यांमध्ये १,०५२ ठिकाणी घेतलेल्या नमुन्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक ठिकाणी आढळलेल्या पदार्थांत चहा-कॉफीतल्या कॅफिनबरोबर कार्बामॅझेपिन आणि मेटफॉर्मिन होते. वाचतांना मला वऱ्हांड्यातला डबा आठवला. कार्बामॅझेपिन तर मोठे चिवट. आपली नेहमीची मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे ते जवळजवळ जसेच्या तसे पुढे सोडतात, कारण त्या केंद्रांतील जिवाणू विष्ठा आणि अन्नकण पचविण्यासाठी पोसलेले असतात, फेफऱ्याची औषधे पचविण्यासाठी नव्हे. आणि आपल्या शहरांतले किती मैलापाणी त्या केंद्रांपर्यंत तरी पोचते, हा प्रश्न वेगळाच.

पण खरे भयंकर उदाहरण आपल्या नदीचे आहे. मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते, लातूर-बीदरकडून तेलंगणात शिरते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगत पुन्हा वर येऊन कंदकुर्तीला गोदावरीस मिळते. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या औद्योगिक वसाहतीचे पाणी नक्कावागू नावाच्या ओढ्यातून याच मांजरेत येते. जोआकिम लार्सन या स्वीडिश शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली तिथल्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून, म्हणजे प्रक्रिया झाल्यानंतर, बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी त्या केंद्रात येत होते. एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात जेवढे असते त्याहून हे जास्त. जिवाणूंना प्रतिजैविकांशी लढण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी याहून चांगली शाळा काढता आली नसती. आणि कागदोपत्री ते केंद्र चालू होते, शुल्क घेत होते, नमुने देत होते. कोणी लबाडी केली की नाही हा मुद्दा मी इथे काढत नाही. प्रशासनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की जे मोजायचे नियमात लिहिले होते त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन नव्हतेच.

ते आजही नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांच्या अवशेषांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. त्यात सव्वाशेच्या आसपास प्रतिजैविकांची यादी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा ती यादी गळालेली होती. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे भारतीय मानक १०५०० मध्ये, कीटकनाशके आहेत, जड धातू आहेत, औषधांचे अवशेष नाहीत. ज्या गोष्टीला मर्यादा नाही ती गोष्ट प्रयोगशाळा मोजत नाही, जी मोजली जात नाही तिच्यासाठी यंत्र खरेदी होत नाही, यंत्र नाही म्हणून आकडे नाहीत, आणि आकडे नाहीत म्हणून मर्यादा ठरविता येत नाही. हे वर्तुळ मी सेवेत असतांना फ्लोराइडच्या बाबतीत पाहिले आहे, रस्त्यांवरच्या अपघातांच्या बाबतीत पाहिले आहे. मध्य प्रदेशाने २०१९ साली प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्ध राज्याचा कृती आराखडा केला, आणि असे करणारे केरळनंतरचे ते दुसरे राज्य ठरले, याचा मला अभिमान वाटतो. पण ओमती नाल्यात किती सिप्रोफ्लॉक्सासिन आहे, असे मी कुणाला विचारावे?

भाचीच्या प्रस्तावाकडे वळतो. तिने मला प्रयोग करून दाखविला. काचेच्या चंचुपात्रात मेथिलीन ब्लूचे निळेशार पाणी, त्यात चिमूटभर पिवळसर भुकटी, वर गच्चीवरचे ऊन. तासाभरात पाणी स्वच्छ. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मलाही क्षणभर वाटले की आता पत्र द्यावेच. मग मी विचारले, ''हेच प्रात्यक्षिक तुम्ही अधिकाऱ्यांना दाखवणार?'' ती हो म्हणाली. मी म्हणालो, ''आणि ते मंजूर करतील. म्हणूनच मला भीती वाटते.'' निळा रंग स्वतःच प्रकाश शोषून घेतो आणि त्या ऊर्जेने स्वतःच तुटू शकतो. रंग गेला म्हणजे रंगहीन कार्बामॅझेपिन गेले असे त्यातून सिद्ध होत नाही. हे तिला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. पण डोळ्यांना दिसणारी गोष्टच मंजूर होते हेही ती एव्हाना शिकली होती, आणि हे तिला शिकविणारे आम्हीच.

दुसरा प्रश्न साध्या त्रैराशिकाचा होता. नाल्याच्या एका लिटर पाण्यात जिवाणूंना पचविता येईल असा सेंद्रिय मळ, समजा, २०० मिलिग्रॅम आहे आणि औषध दोन मायक्रोग्रॅम. म्हणजे औषधाच्या एका भागामागे मळाचे एक लाख भाग. हायड्रॉक्सिल मूलक आंधळे असतात. समोर मळ आला तर मळाला धरतील. लाखभर गिऱ्हाइके रांगेत असतांना औषधाचा नंबर कधी लागणार? शिवाय गढूळ पाण्यात प्रकाश बोटभर खोलीच्या पुढे जात नाही. जबलपूरला जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर पावसाळा असतो, तेव्हा ऊन कुठून आणायचे? रात्रीचे काय? नाला तर रात्रीही वाहतो. आणि त्या कुंडातली बारीक भुकटी पाण्याबरोबर वाहून गेली, तर नर्मदेत औषधाऐवजी नॅनो-कण सोडल्याचे पुण्य कोणाच्या पदरी बांधायचे? अर्धवट तुटलेल्या रेणूंचे तुकडे कधी कधी मूळ औषधाहून अधिक त्रासदायक असतात, तेही तपासावे लागते.

हे आक्षेप मी शोधून काढलेले नाहीत. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील पराग गोगटे आणि अनिरुद्ध पंडित यांनी २००४ साली सांडपाण्याच्या ऑक्सिडीकरणाच्या पद्धतींचा जो विस्तृत आढावा लिहिला, तो जगभर वाचला गेला. त्यात प्रकाश-उत्प्रेरणाच्या मोठ्या प्रमाणावरील वापरातील अडचणी मांडलेल्या आहेत. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, पण आमच्याकडचे प्रस्ताव अजून चंचुपात्रातच आहेत. ज्या देशांनी यासाठी खरोखर पैसा मोजला त्यांनी काय निवडले हेही पाहावे. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक शुद्धीकरण केंद्रांत सूक्ष्म प्रदूषके काढणे बंधनकारक केले आणि त्यासाठी दर माणशी वर्षाला नऊ फ्रँकपर्यंत आकार बसविला. तिथे वापरतात ओझोन आणि सक्रिय कोळसा. दोन्ही जुन्या, रटाळ, भरवशाच्या गोष्टी. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात आणखी पुढे जाऊन औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांनीच या जादा प्रक्रियेच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार उचलावा असे ठरविले. उद्योगांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले आहे.

इथे मला स्वतःचा एक गुन्हा कबूल केला पाहिजे. सेवेच्या पहिल्या दशकात एका जिल्ह्यात मी हातपंपांना फ्लोराइड काढणारी गाळणी बसविण्याची योजना मंजूर केली. सक्रिय ॲल्युमिना भरलेली ती गाळणी होती. पहिल्या दिवशी उत्तम पाणी, फोटो, फीत कापणे, सगळे झाले. दर काही महिन्यांनी ते ॲल्युमिना आम्ल आणि अल्कलीने धुऊन पुन्हा ताजे करावे लागते. धुण्यासाठी माणूस कोण, त्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून, हे मी विचारले नव्हते. दीड वर्षाने दौऱ्यावर गेलो तेव्हा एका गावात त्या गाळणीला शेळी बांधलेली होती, आणि बायका पूर्वीच्याच हातपंपाचे पूर्वीचेच पाणी भरीत होत्या. भांडवली खर्चाच्या मंजुरीवर माझी सही होती, देखभालीच्या कागदावर कोणाचीच नव्हती, कारण तो कागदच नव्हता. १९८६ साली सुरू झालेल्या गंगा कृती योजनेतली शुद्धीकरण केंद्रेही वीज आणि देखभालीच्या पैशांअभावी अशीच अडखळत चालली. ती वाचून आम्ही हळहळलो आणि पुन्हा तेच केले.

मग काय, भाचीला हात हलवीत परत पाठवायचे? नाही. मला तिची कल्पना टाकाऊ वाटत नाही, तिची जागा चुकली आहे असे वाटते. प्रकाशाने काम करणारे हे पदार्थ तिथे शोभतात जिथे पाणी आधीच निवळलेले आहे, प्रमाण थोडे आहे आणि औषध दाट आहे. अशी जागा नाल्याच्या मुखाशी नाही, राइट टाउनच्या रुग्णालयांच्या गच्चीवर आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे रुग्णालयांनी आपल्या द्रव कचऱ्यावर प्रक्रिया करणे अपेक्षित आहेच. त्या प्रक्रियेनंतरचे निवळ पाणी गच्चीवर चढवावे, उतरत्या पत्र्यावरून किंवा काचेच्या नळ्यांतून पातळ थराने वाहू द्यावे, उत्प्रेरक भुकटीच्या रूपात न सोडता काचेवर किंवा मण्यांवर घट्ट बसवावा. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या सौर केंद्रात आरशांच्या पन्हाळ्यांमधून पाणी फिरवून असे प्रयोग कैक वर्षे चालले आहेत, ते काही गुपित नाही. पावसाळ्यात आणि रात्री पाणी साठवावे किंवा कोळशाच्या गाळणीतून काढावे. पाटणचेरूसारख्या वसाहतींत, आपल्या तारापूर, महाड, लोटे इथे, कारखान्याच्या आतच, सामाईक केंद्रात मिसळण्यापूर्वी, हेच करता येईल. एकदा का दहा कारखान्यांचे पाणी एकत्र झाले की कोणाचे काय हे कळत नाही. कधी कधी वाटते की सामाईक केंद्राची लोकप्रियता त्यातच आहे.

आणि मूळ उगमापाशी नियमाने जे होते ते कोणत्याही नॅनो-कणाने होत नाही, हे आपल्या गिधाडांनी आपल्याला शिकविले आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मरतात हे २००४ साली सिद्ध झाले, २००६ मध्ये सरकारने पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या. अखेर २०१५ मध्ये नियम झाला की माणसांसाठीची कुपी एका मात्रेची, ३ मिलिलिटरचीच असावी. गाईला टोचायला अशा कितीतरी कुप्या फोडाव्या लागतात, तो त्रास आणि खर्च कोण करतो? नऊ वर्षांच्या बंदीने जे साधले नव्हते त्यासाठी शेवटी बाटलीचा आकार ठरवावा लागला. औषध प्रशासनातल्या ज्या कोणाला हे सुचले त्याचे नाव मला माहीत असते तर मी त्याला पत्र लिहिले असते.

वहिनींच्या डब्यालाही असाच एखादा साधा नियम हवा आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ साली उरलेल्या आणि मुदत संपलेल्या औषधांच्या विल्हेवाटीबद्दल मार्गदर्शन काढले. फेंटानिल, ट्रॅमाडॉल अशी सतरा औषधे, जी दुसऱ्याच्या हाती पडली तर एका मात्रेतही घात करतील, ती संडासात ओतून पाणी सोडावे असे त्यात म्हटले आहे. बाकीची परत घेण्याची व्यवस्था उभारावी. पहिल्या भागावर वर्तमानपत्रांत पुष्कळ थट्टा झाली, पण मला तो तर्क पटतो: घरातल्या लेकराचा जीव आणि नदीतला एक मायक्रोग्रॅम यांत निवड करायची असेल तर मी लेकराची बाजू घेईन. दुसरा भाग मात्र हवेतच आहे. केरळने त्याच वर्षी कोळिकोडपासून घरोघरची औषधे गोळा करण्याची योजना सुरू केली. राइट टाउनच्या एका रस्त्यावर जितकी औषधांची दुकाने आहेत तितकी किराण्याची नसतील. प्रत्येकात एक कुलूपबंद पेटी आणि आठवड्यातून एकदा जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी, एवढ्यासाठी नॅनो-तंत्रज्ञान लागत नाही. एक परिपत्रक लागते, आणि गाडीच्या फेरीचे पैसे कोण देणार हे त्याच परिपत्रकात लिहिलेले असावे लागते.

भाचीला मी पत्र दिले, पण तिच्या प्रस्तावात चार दुरुस्त्या करून. नाल्याऐवजी एक रुग्णालय, तेही पन्नास-साठ खाटांचे. पहिले वर्ष फक्त मोजमापाचे: पाच औषधे ठरवून, चारही ऋतूंत नमुने, तेही तिच्या प्रयोगशाळेबाहेर तपासलेले. निळ्या रंगाचे प्रात्यक्षिक रद्द. आणि बांधकामाच्या निधीइतकाच निधी पुढील पाच वर्षांच्या देखभालीसाठी, वेगळ्या शीर्षाखाली. शेवटच्या मुद्द्यावर ती रुसली. ''मामा, एवढा खर्च दाखवला तर मंजूर होणार नाही,'' म्हणाली. मी म्हणालो, ''तर मग न होऊ दे. मी एकदा शेळी बांधायची सोय केलेली आहे.''

तिने दुरुस्त्या मान्य केल्या, थोड्या नाराजीनेच. फाईल गेल्या महिन्यात पुढे गेली आहे. वहिनींचा पत्र्याचा डबा अजून वऱ्हांड्यातच आहे. शेजारच्या दुकानदाराला मी विचारून पाहिले, तो म्हणाला, ''साहब, बेचने का लाइसेंस है, वापस लेने का नहीं।''